शाल नको, शिकवणाऱ्या बाई द्या

गेल्या मार्चमधली गोष्ट. महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि अध्यक्षस्थानी मी. निवृत्त शिक्षिका, वय झालेलं, गावातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी पट्टी मारलेली, त्यामुळे अध्यक्षपदाला मी स्वस्तात मिळते. (नव्या वाचकांसाठी सांगते, आमचं बेलापूर म्हणजे नवी मुंबईतलं नव्हे. हे प्रवराकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. स्टेशनला नाव आमचं आणि स्टेशन श्रीरामपुरात, अशी आमची जुनी तऱ्हा आहे.)

पाच बायकांचे सत्कार होते. बचत गटाच्या अध्यक्ष, अंगणवाडीताई, एक नर्स, शेती कसणारी एक विधवा आणि पाचवी "दिव्यांग मुलीला जिद्दीने वाढवणारी आदर्श माता". ही पाचवी माझ्याच गल्लीतली. प्रमुख पाहुणे म्हणाले, देव अशी लेकरं खास आयांच्याच ओटीत घालतो. टाळ्या. मग माझी पाळी. मी जन्मभर मराठी शिकवलेलं, विशेषणांना काय तोटा! त्यागमूर्ती म्हणाले, वात्सल्यसिंधू म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. पुन्हा टाळ्या. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, फोटो.

परत येताना आम्ही दोघी बरोबरच चालत होतो. ती गप्प. मला वाटलं भारावली असेल. घराजवळ आल्यावर म्हणाली, "बाई, ही शाल तुम्हीच ठेवता का? आधीच्या दोन तशाच पडल्यात. ती अंगावर घेऊ देत नाही, टोचतं तिला." मग जरा थांबून, "तुम्ही तर शिकवणाऱ्या. माईक तुमच्या हातात होता. एकदा विचारायचं होतं ना, हिला शिकवायला कुणी येईल का म्हणून."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपण या आयांचं जे कौतुक करतो ते फुकटचं असतं, आणि ते शिक्षकाच्या बदल्यात दिलेलं असतं. जी गोष्ट कायद्याने त्यांची आहे ती द्यायची नाही म्हणून आपण त्यांना देवी करून ठेवतो. देवीला पगार लागत नाही, झोप लागत नाही आणि देवी अर्ज घेऊन कचेरीत येत नाही.

त्या मुलीला मी इथे चिमणी म्हणते. वय नऊ. बोलत नाही. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता असं दोन्ही कागदावर लिहिलेलं आहे. मिक्सर लागला की कान दाबून किंचाळते, लग्नाची वरात गल्लीतून गेली की दोन दिवस जेवत नाही. पाणी मात्र तिला फार आवडतं. नळाखाली तासभर बसेल. वडील टेम्पो चालवतात, पहाटे जातात. आई शिवणकाम करते, म्हणजे चिमणी झोपली की मशीन सुरू आणि जागी झाली की बंद, कारण मशीनचा आवाजही चालत नाही. नऊ वर्षांत ही बाई एका लग्नाला पूर्ण वेळ बसलेली नाही. माहेरी मुक्काम नाही. स्वतःची दाढ दुखत होती तर आठ महिने दुखू दिली, कारण दाताच्या डॉक्टरकडे चिमणीला घेऊन बसणार कशी आणि ठेवणार कुणाकडे? याला आम्ही "जिद्द" म्हणतो.

आता प्रमाणपत्राची कथा ऐका. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बहुतेक दारं उघडत नाहीत. आता अर्ज ऑनलाइन आहे, युडीआयडी कार्ड आहे, हे सगळं छानच. पण मुलाला डॉक्टरपुढे न्यावंच लागतं. कुठलं रुग्णालय ते मी सांगत नाही, तिथल्या एका माणसाला दोष देऊन काही साधत नाही. पहिल्या फेरीला कळलं की मानसोपचाराचे डॉक्टर ठरावीक वारीच असतात. दुसऱ्या फेरीला रांगेत चिमणी इतकी बिथरली की लोकच म्हणाले, बाई हिला बाहेर न्या, आणि बाहेर नेलं तेवढ्यात नंबर गेला. तिसऱ्या फेरीला काम झालं. तीन दिवसांचा नवऱ्याचा धंदा बुडाला, कारण एसटीत चिमणी बसत नाही, टेम्पोच न्यावा लागतो. एसटीच्या तिकिटात अपंगांना सवलत आहे हे मला माहीत आहे. जी मुलगी एसटीत चढूच शकत नाही तिला त्या सवलतीचं काय करायचं, ते सवलत देणाऱ्यांनी सांगावं.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि तालुके चौदा. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, जिल्हा विभाजनाच्या नि श्रीरामपूर जिल्ह्याच्या घोषणा तर मी तरुण होते तेव्हापासून ऐकते आहे. भिंतीवर कुठलंही नाव लिहा, अकोल्याच्या डोंगरातल्या आईला नगर तेवढंच लांब राहतं.

नावांवरून आठवलं. आमच्या वेळी 'अपंग' आणि 'मतिमंद' म्हणत. २०१५ साली पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि तो सगळीकडे रुळला. २०२२ साली ३ डिसेंबरला आपल्या राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग जाहीर केला. मी भाषेची शिक्षिका, शब्दाने माणसाचा मान राखला जातो हे मला मान्य आहे. पण चिमणीच्या आईला मी एकदा विचारलं, तुला कुठला शब्द बरा वाटतो गं? ती म्हणाली, "कोणता पण म्हणा. नाव घेऊन हाक मारली तर बघते कधी कधी."

शाळेत चिमणीचं नाव आहे. हजेरीपटावर आहे, वर्गही दरवर्षी पुढे सरकतो. शाळेचं नाव घेत नाही आणि तिथल्या शिक्षकांवर रागही नाही. चिमणी आठवड्यातून एखाद दिवस जाते, मागच्या भिंतीशी बसते, आई दाराबाहेर बसून राहते. वर्गात एकच बाई, पस्तीस-चाळीस मुलं, त्यात दोन इयत्ता एकत्र. त्या बाईंना प्रशिक्षण किती? दोन-चार दिवसांचं, एका सभागृहात. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मला तिची भीती वाटते. तिला काही झालं तर?" खरं बोलल्या. त्यांच्याविषयी माझ्या मनात त्या दिवसापासून आदरच आहे, कारण मी त्यांच्या वयाची असताना इतकी खरी बोलले नव्हते.

तेही सांगून टाकते.

१९८६ चा जून असावा. एक बाई मुलाला घेऊन माझ्या वर्गाच्या दारात आली. मुलगा आठ-नऊ वर्षांचा, तोंडातून लाळ, मान जराशी कललेली, हातात नवीकोरी पाटी. पाटीला लाल चौकट होती, हे मला अजून दिसतं. नाव घालायचं म्हणाली. माझ्या वर्गात साठ मुलं. मी म्हणाले, "अहो, याला इथे कशाला आणलंत? पोरं मारतील त्याला. घरीच ठेवा, सुखाने राहील." ती म्हणाली, "बरं बाई." वाद नाही, रडणं नाही. मुलाच्या हातातली पाटी स्वतःच्या हातात घेतली आणि गेली.

मी बी.एड.ला बुद्ध्यांकाचा तक्ता पाठ केलेला होता. कोणत्या आकड्याखालच्या मुलाला काय म्हणायचं हे मला येत होतं, त्याला काय शिकवायचं हे एका ओळीनेही कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं की अशा मुलांना साध्या शाळेत घ्यावं म्हणून केंद्र सरकारची एकात्म शिक्षणाची योजना १९७४ पासूनच होती. बारा वर्षांत ती माझ्या वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेली नव्हती. पण म्हणून मी सुटत नाही. एक बाक तर माझ्या हातात होता ना?

तो मुलगा नंतर कालव्याकडेला शेळ्यांमागे दिसायचा. दिसला की हात वर करून ओरडायचा, "बाई!" एक दिवसही तो माझ्या वर्गात बसला नाही आणि जन्मभर मला बाई म्हणत राहिला. काही वर्षांपूर्वी गेला.

असो. आता कायद्याचं बघू, कारण पुष्कळ पालकांना वाटतं की आपण भीक मागतो आहोत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. त्यात स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, अध्ययन अक्षमताही आहे. या कायद्याच्या ३१ व्या कलमाने चाळीस टक्क्यांवरच्या अपंगत्वाच्या प्रत्येक मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत. यातली निवड पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नाही! १७ वं कलम म्हणतं की अशा मुलांचा शोध घेण्यासाठी दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण करा, पुरेसे प्रशिक्षित शिक्षक नेमा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासणारी डॉक्टरांची पथकं २०१३ पासून आहेत. त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली होती. म्हणजे मूल शोधायची सोय आहे. शोधल्यावर काय, इथे गाडी अडते.

शिकवणार कोण? विशेष शिक्षक म्हणजे नुसता प्रेमळ माणूस नव्हे. त्याचं वेगळं शिक्षण असतं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. सर्व शिक्षा अभियानापासून हे शिक्षक राज्यात कंत्राटावर राबत आले. आज या शाळेत, उद्या त्या वस्तीवर, कंत्राट वाढेल का याची दरवर्षी धास्ती. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात प्रमाण सांगितलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. राज्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की तीन आठवड्यांत पदं जाहीर करा. आपल्या राज्याने २०२४ साली ४,८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली, केंद्राला एक या हिशेबाने. केंद्र म्हणजे दहा-पंधरा शाळांचा गट, हे शिक्षण खात्याबाहेरच्यांसाठी सांगते.

चांगलं झालं. मनापासून म्हणते. पण मी गणितही शिकवलेलं आहे, तेव्हा करून बघू. एका केंद्रात बारा शाळा धरा. बाई रोज एका शाळेत गेल्या तरी फेरी पूर्ण व्हायला दोन आठवडे लागतात. त्या शाळेत चार मुलं असतील, एक कमी ऐकणारं, एक न चालणारं, एक चिमणीसारखं, एक अक्षरं उलटी वाचणारं. चौघांचं शिकवणं चार तऱ्हेचं. चिमणीच्या वाट्याला पंधरा दिवसांतून एक-दीड तास आला! पुढच्या वेळी बाई येतील तेव्हा चिमणी त्यांचा चेहरा विसरलेली असेल. म्हणून म्हणते, ४,८६० हा आकडा सुरुवात म्हणून घ्या, पूर्तता म्हणून त्याचे फलक लावू नका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्ती २९ लाख ६३ हजारांच्या आसपास होत्या, आणि तेव्हा प्रकार कमी मोजले होते.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही फार कटू लिहिता, आपल्याकडे या क्षेत्रात केवढी थोर कामं झाली आहेत! झाली आहेत. पण ती कुणी केली ते बघा. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा निघाली ती एका आईबापाने आपल्या लेकीसाठी काढली, शाळेला तिचंच नाव आहे. १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी मुंबईत संस्था काढली, कारण त्यांच्या मालिनीला शाळा नव्हती. नाशिकला १९७७ साली रजनी लिमये यांनी प्रबोधिनी सुरू केली. त्या स्वतः शिक्षिका, आणि मुलगा गौतम घरात. डोंबिवलीजवळ खोणीला प्रौढ मुलांसाठी 'घरकुल' उभं राहिलं ते अमेय पालक संघटनेने, म्हणजे पुन्हा आईबापांनीच उभं केलं. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी काढली, तीही सरकारने बोलावून काढायला लावलेली नव्हे.

या कथा आपण प्रेरणादायी म्हणून सांगतो. मीही वर्गात सांगितल्या आहेत. आता मला त्या वेगळ्याच ऐकू येतात. साध्या मुलाच्या आईला मूल पहिलीत घालायचं तर दाखला नि दोन फोटो लागतात. या आयांना त्यासाठी संस्था काढावी लागली! घटना, वर्गणी, इमारत, मान्यता, अनुदान, सगळं. त्या शिकलेल्या होत्या, शहरात होत्या, बोलणाऱ्या होत्या, म्हणून जमलं. माझ्या गल्लीतली आई दहावी नापास आहे आणि तिला दाढ काढायला वेळ नाही. तिने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायला कधी जायचं? ज्या आयांना संस्था काढणं जमलं नाही त्यांच्या मुलांचं काय झालं याची कथा कुणी लिहिलेली नाही. एकाची मला माहीत आहे, ती वर लिहिली.

कागदावरच्या सोयी कशा वरच्या पायरीवरच थांबतात तेही बघा. सरकारी नोकरीतल्या आईला अशा मुलासाठी सेवेत ७३० दिवसांची विशेष रजा मिळते. उत्तम! कांदे खुरपायला जाणाऱ्या आईला कुठली रजा? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली, तीही उत्पन्नाच्या दाखल्याच्या चाळणीतून जाईल त्याला. २०१६ च्या कायद्यात ज्यांना फार आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे. केरळने 'आश्वासकिरणम' नावाने महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम चहापाण्याची आहे, पण आई जे करते ते काम आहे, एवढं तरी त्या राज्याने कागदावर मान्य केलं. आपण शालच देतो.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न कार्यक्रमातल्या एका पुढाऱ्यानेही मला नंतर विचारला. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वनिधीतला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी तो वर्षाअखेरीला थोडे थोडे पैसे किंवा वस्तू वाटून संपवतात. माणशी काय हातात पडतं आणि ते किती दिवस पुरतं? चार गावांनी एकत्र येऊन एक खोली घ्यावी, आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपीचा आणि वाचा-उपचाराचा माणूस भाड्याच्या गाडीने आणावा. लोणीला इतकं मोठं ग्रामीण रुग्णालय नि फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, शिकणारी मुलं आहेत. ठरवलं तर होण्यासारखं आहे. यात कुणाला संत व्हावं लागत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच एका निवृत्त सहकाऱ्यांचा. म्हणाले, "बाई, आधी धडधाकट पोरांना तर नीट वाचता येऊ द्या." सर मला वडिलांसारखे, म्हणून तोंडावर बोलले नाही, इथे बोलते. सर, हेच मी १९८६ ला म्हणाले होते. 'आधी' म्हणून ज्याला मागे ठेवलं त्याची पाळी चाळीस वर्षांत आली नाही.

आणि वस्तूंचं काय होतं ते सांगते. एका शिबिरात चिमणीला पेटी मिळाली. चांगली पेटी आहे, लाकडी ठोकळे, मणी ओवायचे, आकार बसवायचे. देताना फोटो निघाला. कशी वापरायची हे सांगायला कुणी थांबलं नाही. पेटी माळ्यावर गेली. गेल्या एप्रिलपासून मी रोज दुपारी दोन तास त्यांच्या घरी जाऊन बसते, तेव्हा ती मी खाली काढली. मला येत काही नाही, हे आधीच सांगते. पहिल्या आठवड्यात चिमणीने एक मणी माझ्या चष्म्यावर मारला. मी बोलत राहिले की तिला त्रास होतो हे कळायला मला महिना लागला. चाळीस वर्षं बोलण्यावर पोट भरलेली बाई मी, गप्प बसायला शिकले! परवा परातीत पाणी घेऊन त्यात ठोकळे सोडले तर तिने निळे निळे वेगळे काढले. सगळे निळे. मी आईला उठवायला गेले नाही. त्या दोन तासांत ती झोपते.

हे वाचून कुणी "वा बाई, धन्य तुमची" असं म्हणू नका. एक म्हातारी दोन तास बसते म्हणून चिमणीचं शिक्षण होत नाही. तिला शिकलेली बाई हवी. निळा रंग ओळखल्यावर पुढे काय, खूण करून पाणी मागायला कसं शिकवायचं, ओरडण्याआधी तिला काय झालेलं असतं, हे त्या बाईला माहीत असेल, मला नाही.

आईला मी एकदा विचारलं, तुला सगळ्यांत जास्त कशाची काळजी वाटते? मला वाटलं बोलण्याची म्हणेल. म्हणाली, "बाई, मी मेल्यावर हिला आंघोळ कोण घालील?" मी तिला सांगितलं की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न, सेरेब्रल पाल्सीच्या, बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठी अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, निरामय नावाचा लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पालक नेमतात, पण कोणाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोणीचं घरकुल मला ठाऊक आहे, पण खोणी डोंबिवलीला, आणि अशी घरं राज्यात बोटांवर मोजण्याइतकी.

तर आता कार्यक्रमाला बोलावणाऱ्यांना माझी अट आहे. अशा आईचा सत्कार असेल तर मी अध्यक्ष होणार नाही. सत्काराच्या जागी एक कागद वाचू द्यायचा असेल तर येते. त्या कागदावर आमच्या केंद्रात अशी मुलं किती, त्यांच्यासाठी विशेष शिक्षक किती, गेल्या वर्षात ते प्रत्येक मुलाला किती वेळा भेटले आणि मागचं सर्वेक्षण कधी झालं एवढंच असेल.

ती माहिती मागणारा अर्ज आम्ही दोघींनी मिळून केला आहे, माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली. अक्षर माझं, सही तिची. सही करताना तिने विचारलं, "बाई, नाव पूर्ण लिहू का?" पूर्ण लिहायला सांगितलं. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. उत्तराला मुदत तीस दिवसांची असते. आज अकरावा दिवस आहे.